एकही भाग न हलणारा पंप

पंप म्हटलं की डोळ्यांसमोर काहीतरी हलणारं, फिरणारं येतं. हापशाचा दांडा, सायकलच्या पंपाचा दट्ट्या, विहिरीवरच्या मोटारीतलं गरगरणारं चाक. आज ज्या पंपाची हकीकत मला सांगायची आहे त्यात हलणारा असा एकही भाग नाही. दट्ट्या नाही, बेअरिंग नाही, वंगण नाही, मोटार नाही. आहे ती फक्त एक जाडजूड धातूची नळी, दोन्ही टोकांना रुंद, कमरेत आवळलेली, आणि तिच्या एका तोंडात आतल्या बाजूला रोखलेली एक बारीक तोटी. तोटीतून जोरात वाफ सोडायची, बस्स. नळीला बाजूनं जोडलेल्या भांड्यातली हवा ही वाफ आपल्याबरोबर ओढून नेते आणि भांड्यात पोकळी तयार होते. कारखान्यात याला इजेक्टर म्हणतात. रेडिओवर चित्र काढून दाखवता येत नाही, पण खरं सांगायचं तर या नळीचं चित्र काही फार प्रेक्षणीय नसतं. वनस्पती तूप, डांबर, युरिया, पॉलिएस्टरचा धागा, यांतलं काहीही तयार होत असलं की कारखान्याच्या वरच्या मजल्यावर ही नळी शिट्टीसारखा आवाज करत बसलेली असते. खाली काम करणाऱ्या निम्म्या लोकांना ती तिथं आहे हेही ठाऊक नसतं.

तत्त्व मात्र आपल्या घरातलंच आहे. डास मारायचा तो जुना फ्लिटचा पंप आठवा. दट्ट्या दाबला की हवेचा झोत निघायचा आणि तो झोत डब्यातलं औषध नळीतून वर ओढून त्याचा फवारा करायचा. बोअरवेलवरचा ‘जेट पंप’ हा त्याच घराण्यातला. तिथं हवेऐवजी पाण्याचाच झोत पाणी वर आणतो. आणि सगळ्यांत जवळचं उदाहरण म्हणजे आपला रॉकेलचा स्टोव्ह. फ्रान्स लिंडक्विस्ट नावाच्या स्वीडिश माणसानं १८९२ च्या सुमारास तो प्रायमस या नावानं बाजारात आणला. त्यात रॉकेल तापलेल्या नळीतून वर जातं, त्याची वाफ होते, ती वाफ निपलच्या केसाएवढ्या भोकातून झपाट्यानं बाहेर पडते आणि जाताना आजूबाजूची हवा खेचून घेते. म्हणून ज्योत निळी. भोक कचऱ्यानं तुंबलं की ज्योत पिवळी, भांडी काळी, मग पिन शोधा. या स्टोव्हमधली एक गोष्ट लक्षात ठेवायची. हवा ओढण्यासाठी त्याला वेगळं इंधन लागत नाही. जे जाळायचं त्याचीच वाफ हवा ओढण्याचं कामही करून जाते. पुढं आपल्याला याची गरज पडणार आहे.

झोत हवेला ओढतो तो नेमका कसा? शाळेत बर्नोलीचं नाव सांगून हा प्रश्न मिटवतात. मला तो मिटल्यासारखा कधी वाटला नाही. व्हेंचुरी या इटालियन प्राध्यापकानं १७९७ साली पॅरिसमध्ये आपले प्रयोग प्रसिद्ध केले तेव्हा त्यानं वापरलेले शब्द जास्त चांगले आहेत. प्रवाहातली गती बाजूला ‘पोचते’, असं तो म्हणाला. संध्याकाळी दादरच्या पुलावरून लोंढा निघाला की कडेला उभा असलेला माणूसही चार पावलं आपोआप पुढं ढकलला जातो ना, तसं. धावणारे थोडे मंदावतात, उभे असलेले थोडे धावू लागतात. वाफ आणि हवा यांचं असं मिश्रण आवळलेल्या कमरेतून पुढं रुंद होत जाणाऱ्या भागात शिरतं, तिथं त्याचा वेग उतरतो आणि उतरलेल्या वेगाच्या बदल्यात दाब चढतो. म्हणजे कमी दाबाच्या जागेतली हवा उचलून ती जास्त दाबाच्या जागेत नेऊन टाकली गेली. पंपाचं काम याहून वेगळं काय असतं?

पण मुळात कारखान्यात ही पोकळी लागते कशाला? त्याचं उत्तर गुऱ्हाळात मिळतं. कोल्हापूरकडं ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलं आहे त्यांना चुलवाणावर रटरटणारी काहील माहीत असेल. रस आटत जातो तसा तो अधिकाधिक तापतो. शेवटी शंभर अंशांच्या बराच वर गेल्यावर गुळव्या काहील उतरवायला सांगतो. गुळाला तो रंग आणि तो वास येतो तो या तापण्यामुळंच. गूळ हवा असेल तर हे सगळं ठीकच आहे. पण पांढरी साखर हवी असेल तर हे जळणं म्हणजे नुकसान. एडवर्ड चार्ल्स हॉवर्ड नावाच्या इंग्रज रसायनज्ञानं १८१३ साली यावर पेटंट घेतलं. पाणी डोंगरावर लवकर उकळतं, कारण तिथं हवेचा दाब कमी. मग डोंगर चढण्याऐवजी कढईलाच झाकण घालून आतली हवा काढून घेतली तर? रस साठ-सत्तर अंशांनाच उकळू लागतो आणि साखर जळत नाही. आपल्या साखर कारखान्यांत ‘पॅन’ म्हणतात ती ही हॉवर्डची झाकणाची कढई.

याच धंद्यात पुढं एक माणूस आला, त्याच्यापाशी मला थोडं थांबायचं आहे. नॉर्बर्ट रिलिया. जन्म १८०६, न्यू ऑर्लीन्स. वडील गोरे, आई कृष्णवर्णीय पण गुलाम नसलेली. लुइझियानात अशा मुलाला इंजिनिअर होण्याची वाट नव्हती, म्हणून त्याला पॅरिसला पाठवलं. तिथं तो इतका पुढं गेला की चोविसाव्या वर्षी तिथल्याच एकोल सांत्राल या संस्थेत शिकवू लागला. मग तो मायदेशी परतला.

तेव्हा तिथल्या उसाच्या मळ्यांवर रस आटवण्याची जी पद्धत होती तिला ‘जमैका ट्रेन’ म्हणत. ओळीनं मांडलेल्या उघड्या कढया, मोठीपासून लहानापर्यंत, आणि लांब दांड्याच्या पळ्यांनी उकळता रस एका कढईतून दुसऱ्या कढईत ओतणारे गुलाम. भाजणं हा रोजचाच प्रकार. रिलियानं १८४३ आणि १८४६ साली पेटंटं घेतलेली योजना अशी होती. तीन बंद भांडी घ्यायची. पहिल्याला इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वाफेनं तापवायचं. त्यात रस उकळून जी वाफ निघेल ती फुकट आकाशात सोडायची नाही, ती दुसऱ्या भांड्याखाली न्यायची. दुसऱ्यात दाब कमी ठेवलेला, त्यामुळं तिथला रस कमी तापमानाला उकळतो आणि पहिल्याची वाफ त्याला पुरते. त्याची वाफ तिसऱ्याला, तिथं दाब आणखी कमी. जेवढ्या वाफेत एक शेर पाणी आटायचं तेवढ्यात आता जवळजवळ तीन शेर आटू लागलं. पळ्या गेल्या, उघड्या कढया गेल्या.

रिलियाच्या आधी वाफ म्हणजे कामावरून निवृत्त झालेली वस्तू होती. तिला पुन्हा कामाला लावता येतं हे त्यानं दाखवलं. आज जगातला कुठलाही साखर कारखाना, कुठलाही दूध पावडरचा कारखाना त्याच्या या कल्पनेवर चालतो. ज्या मळेवाल्यांनी त्याची यंत्रं घेतली त्यांत पुढं गुलामगिरीवादी दक्षिणेच्या सरकारात मंत्री झालेला ज्यूडा बेंजामिनही होता. यंत्रानं गुलामांच्या अंगावरचं भाजणं कमी केलं आणि त्याच वेळी गुलामांवर चालणारा धंदा जास्त फायद्याचा केला. या दोन गोष्टींची वजाबाकी करून हिशेब कुणाला जमतो का, मला शंका आहे. रिलिया अखेर फ्रान्सला परत गेला, काही काळ त्यानं इजिप्तच्या चित्रलिपीचाही अभ्यास केला, आणि १८९४ साली पॅरिसमध्ये वारला.

रिलियाची पोकळी मात्र दट्ट्याच्या पंपानं तयार केलेली होती. झोताचा धागा वेगळीकडून येतो, आणि तो येतो एका विमानवेड्या माणसाकडून. आंरी जिफार्ड या फ्रेंच इंजिनिअरनं सप्टेंबर १८५२ मध्ये पॅरिसहून एक लांबोळकं हायड्रोजनचं फुगं उडवलं. खाली तीन अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन टांगलेलं. ठिणगी वर जाऊ नये म्हणून धुराडं खालच्या दिशेनं वळवलेलं. हायड्रोजनखाली पेटता बॉयलर! तरी तो सुमारे २७ किलोमीटर जाऊन सुखरूप उतरला. असल्या यंत्रात प्रत्येक किलो महत्त्वाचा, आणि बॉयलरला पाणी पाजणारा पंप म्हणजे मोठाच बोजा. त्यावर डोकं लढवताना जिफार्डनं जे काढलं त्याचं पेटंट त्यानं १८५८ साली घेतलं. तो इंजेक्टर.

इंजेक्टरनं त्या काळच्या जाणत्या लोकांची झोप उडवली. बॉयलरमधूनच वाफ घ्यायची, ती तोटीतून सोडून थंड पाण्यात मिसळायची, आणि ते पाणी त्याच बॉयलरमध्ये, त्याच दाबाविरुद्ध, आत शिरवायचं. आपणच आपल्या शेंडीला धरून स्वतःला उचलावं तसा हा प्रकार. पुष्कळांना ही चक्क फसवणूक वाटली. पण उलगडा साधा आहे. तोटीतून निघालेल्या वाफेला प्रचंड वेग येतो. थंड पाण्यात तिचं पाणी होताना तिचं आकारमान हजारपटीच्या हिशेबानं आकसतं, पण वेगाचा जोर शिल्लक राहतो. तो जोर आता थोड्याशा पाण्यात एकवटतो आणि बॉयलरचं दार ढकलून आत जातो. शक्ती कुठून आली? वाफेच्या उष्णतेतून. फुकट काहीच नाही. थोड्याच वर्षांत जगभरच्या आगगाडीच्या इंजिनांवर इंजेक्टर बसले. जिफार्ड श्रीमंत झाला. १८७८ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्यानं दोराला बांधलेलं एवढं मोठं बलून उभं केलं की एका वेळी चाळीसेक माणसं त्यातून वर जाऊन शहर पाहून येत. पुढं त्याची दृष्टी गेली. १८८२ साली त्यानं आत्महत्या केली आणि आपली संपत्ती देशाला ठेवली. आयफेल टॉवरवर ज्या बहात्तर लोकांची नावं कोरलेली आहेत त्यांत त्याचं एक आहे.

पाणी आत ढकलणारी नळी जरा फिरवली की हवा बाहेर ओढणारी नळी होते. जर्मनीत एर्न्स्ट कोर्टिंग आणि त्याचा भाऊ यांनी १८७१ साली हॅनोव्हरला कारखाना काढला तो अशाच झोतपंपांचा. आणि याच दशकात ही नळी आगगाडीच्या इंजिनावर दुसऱ्या कामाला लागली: ब्रेकसाठी.

व्हॅक्यूम ब्रेक आपल्याकडं अगदी अलीकडंपर्यंत होते, त्यामुळं त्याची माहिती अनेकांना असेल. इंजिनावरचा इजेक्टर गाडीभर फिरलेल्या नळातली हवा खेचून घेतो. सुरुवातीच्या साध्या पद्धतीत पोकळी केली की ब्रेक लागत. म्हणजे नळ तुटला, की पोकळी नाही आणि ब्रेकही नाही. १२ जून १८८९ ला आयर्लंडमध्ये आर्मा गावाजवळ रविवारच्या शाळेच्या सहलीची गच्च भरलेली गाडी चढावर अडली. ती तोडून दोन हप्त्यांत वर न्यायचं ठरलं. मागचे डबे सुटताच त्यांचे ब्रेक नाहीसे झाले, कारण इजेक्टर पुढच्या तुकड्याबरोबर होता. सुटलेले डबे उतारावरून घरंगळत मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ऐंशीच्या आसपास माणसं गेली, त्यांत पुष्कळ मुलं होती. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेनं कायदा केला. प्रवासी गाड्यांचे ब्रेक असे हवेत की नळ तुटला तर ते आपोआप लागले पाहिजेत. उलटा विचार झाला. इजेक्टरनं पोकळी राखायची ती ब्रेक सुटे ठेवण्यासाठी, हवा शिरली की ब्रेक लागणार. आपल्या गाड्यांत साखळी ओढली की जो ‘फुस्स’ आवाज यायचा तो या हवेचा. यंत्र तेच, फक्त ते बंद पडलं तर काय व्हावं हे बदललं.

या नळीची ताकद खऱ्या अर्थानं वाढली ती गुस्ताफ द लावालच्या तोटीमुळं. दुधातली साय वेगळी करणारं यंत्र काढणारा तोच हा स्वीडिश गृहस्थ. १८९० च्या आसपास त्याच्या लक्षात आलं की तोटी आधी निमुळती आणि नंतर पुन्हा थोडी रुंद होत जाणारी केली तर वाफ आवाजाच्या वेगालाही मागं टाकते. सेकंदाला हजार मीटर म्हणजे या तोटीला काही विशेष नाही. त्यानं ती टर्बाइनसाठी केली, पण इजेक्टरवाल्यांनी लगेच उचलली. १९०० नंतर चार्ल्स पार्सन्सनं आपल्या टर्बाइनच्या कंडेन्सरमधली उरलीसुरली हवा काढायला वाफेचा झोत लावला, कारण टर्बाइनला पोकळीचा शेवटचा इंचच सर्वांत जास्त कमाई करून देतो. फ्रान्सच्या मॉरिस लेब्लाँनं त्याच झोतानं पाणी इतक्या कमी दाबावर आणलं की ते उकळता उकळता थंड झालं. नुसत्या पाण्याचं आणि वाफेचं शीतयंत्र. ती एक वेगळीच गोष्ट आहे, पुन्हा केव्हातरी.

एक नळी किती ओढू शकते याला मर्यादा आहे. एका टप्प्यात फार तर दहापट दाब चढवता येतो. हवेच्या हजाराव्या हिश्श्याएवढी पोकळी हवी असेल तर एकामागून एक चार-पाच नळ्या जोडाव्या लागतात. पहिली दुसरीकडं ढकलते, दुसरी तिसरीकडं. पण प्रत्येक नळी आपली स्वतःचीही वाफ पुढं पाठवते. ती सगळी पुढच्या नळीनं वाहायची तर हमालाच्या डोक्यावर आधीच्या हमालालाच बसवल्यासारखं होईल. म्हणून जिथं जमेल तिथं मध्ये कंडेन्सर घालतात. थंड पाण्याच्या फवाऱ्यात वाफेचं पाणी होतं, पुढं फक्त हवा जाते. हे पाणी पोकळीतून बाहेर कसं काढायचं? तॉरिचेल्लीनं सतराव्या शतकात दाखवलंच होतं की बाहेरची हवा पाण्याचा सुमारे दहा मीटरचा खांब तोलून धरते. मग कंडेन्सर अकरा मीटर उंच ठेवा, त्याखालून सरळ नळ सोडा, नळाचं टोक खालच्या टाकीत बुडवा. पाणी आपल्या वजनानं उतरत राहतं, बाहेरची हवा मात्र वर चढू शकत नाही. कारखान्याच्या या सामानाला एवढी उंच माडी का लागते, हे आता लक्षात आलं असेल.

ऑपरेटर मंडळी या नळ्यांची तब्येत कानानं ओळखतात. पान्ह्याचं एक टोक नळीला आणि दुसरं कानाला लावून उभे असलेले लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. सलग शिट्टी असेल तर ठीक. मधूनच खोकल्यासारखा आवाज आला की समजायचं, वाफेचा दाब पडला किंवा वाफ ओली येते आहे. ओल्या वाफेतले पाण्याचे थेंब त्या वेगानं आदळून पोलादी तोटीसुद्धा खातात. भोक जरा मोठं झालं की वाफ जास्त लागते आणि काम कमी होतं. इजेक्टर वाफेच्या बाबतीत तसाही उधळ्याच आहे. पण तो मोडत नाही, गंजकी, आम्लारी वाफ निमूट गिळतो आणि वर्षानुवर्षं कुणाकडं काही मागत नाही. कारखान्यात या गुणांना फार किंमत असते.

त्याचा खरा दोष दुसराच होता, आणि तो दिसायला बराच काळ गेला. वाफ जे काही ओढून आणते ते शेवटी कंडेन्सरच्या पाण्यात उतरतं. तेल शुद्ध करणाऱ्या कारखान्यात त्यात चरबी येते. तुर्भ्याला १९५४-५५ मध्ये सुरू झालेल्या तेलशुद्धीकरणासारख्या ठिकाणी, जिथं डांबरापर्यंतचे जड भाग पोकळीत वेगळे करतात, तिथं त्यात गंधकाची दुर्गंधी येते. पूर्वी हे पाणी नाल्यात जाई. नोकरीत असताना एका कारखान्यामागच्या अशा नाल्याच्या काठावरून मी रोज जात असे. त्यावर पांढरट साय असायची आणि वास पिकून उतरलेल्या फळांचा. तो वास कशाचा हे आतल्या प्रत्येकाला माहीत होतं. भारतात जलप्रदूषणाचा कायदा १९७४ साली आला. त्यानंतर हे पाणी शुद्ध करून सोडणं भाग झालं आणि त्या शुद्धीकरणाचा खर्च लोकांच्या लक्षात आला. स्वच्छ वाफ विकत घ्यायची, तिच्याकडून काम करवून घ्यायचं, आणि शेवटी तिचंच घाण पाणी झालं म्हणून ते पुन्हा पैसे खर्चून धुवायचं!

पिकलेल्या फळांचा तो वास अ‍ॅसिटाल्डिहाइडचा, आणि त्याची जागा म्हणजे पॉलिएस्टरचा कारखाना. इथं पोकळीला जेवढं महत्त्व आहे तेवढं साखरेतही नाही. वॉलेस कॅरोदर्स या अमेरिकन रसायनज्ञाला लांब साखळीचे रेणू बनवायचे होते. प्रत्येक कडी जोडली जाताना पाण्याचा एक रेणू सुटतो आणि तो तिथंच रेंगाळला की जोडलेली कडी पुन्हा तुटते. त्यामुळं साखळ्या एका लांबीच्या पुढं वाढतच नव्हत्या. १९३० साली त्यानं आणि ज्युलियन हिल या सहकाऱ्यानं हे मिश्रण अतिशय उच्च पोकळीत तापवलं. सुटलेलं पाणी तिथल्या तिथं उडून थंड पृष्ठभागावर गोठलं आणि साखळ्या वाढत गेल्या. हिलनं त्या चिकट लगद्यात काडी बुडवून वर ओढली तर लांबच लांब तंतू निघाला. कृत्रिम पॉलिएस्टरचा तो पहिला धागा. तो गरम पाण्यात टिकत नसे, म्हणून कॅरोदर्स नायलॉनकडं वळला. निराशेच्या आजारानं ग्रासलेल्या या माणसानं १९३७ साली आत्महत्या केली, नायलॉन बाजारात येण्याआधीच. कपड्याचं पॉलिएस्टर १९४१ साली व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोन इंग्रजांनी केलं. टेरिलीनच्या शर्टाची मिजास आठवणारे वाचक अजून असतील. आपल्याकडं पाताळगंगेच्या काठी १९८२ साली पॉलिएस्टर धाग्याचा मोठा कारखाना उभा राहिला आणि ही मिजास सर्वांना परवडू लागली.

या पॉलिएस्टरमध्ये प्रत्येक कडी जोडताना सुटतं ते ग्लायकॉल. गाडीच्या रेडिएटरमध्ये थंड प्रदेशात घालतात तेच. भांड्यात काकवीहून घट्ट वितळलेला लगदा, तापमान २८० अंशांच्या पुढं, आणि दाब हवेच्या हजाराव्या हिश्श्याएवढा. ग्लायकॉल सतत ओढून काढलं नाही तर साखळी वाढणार नाही आणि धागा तुटका निघेल. हे ओढण्याचं काम आपल्या नळ्यांचं. पाण्याच्या वाफेवर चालणाऱ्या नळ्या ते चोख करतात, पण ओढलेलं ग्लायकॉल पाण्यात मिसळतं. ते परत मिळवायचं तर सगळं पाणी आटवा, नाहीतर सोडून द्या. शिवाय लगद्यातून उडालेली पांढरी भुकटी कंडेन्सरच्या भिंतींवर चिकटून बसते, ती पाण्यात विरघळत नाही. आणि काही बिघाड होऊन पाण्याची वाफ उलटी भांड्यात शिरली तर जुळलेल्या साखळ्या ती तोडून टाकते.

मग कुणाच्या तरी डोक्यात स्टोव्हचा न्याय आला. नळीत पाण्याची वाफ कशाला? ग्लायकॉलचीच सोडा. ही कल्पना निर्वात-विद्येला नवखी नव्हती. जर्मनीत गेडे यानं १९१५ साली आणि अमेरिकेत लँगम्यूरनं १९१६ साली पाऱ्याच्या वाफेवर चालणारे पंप केले होते. १९२८ साली इंग्लंडच्या बर्चनं पाऱ्याऐवजी तेलाची वाफ वापरली. पण ते प्रयोगशाळेतले पंप, त्यांतली वाफ आतल्या आत फिरत राहणारी. इथं मात्र जी वस्तू कारखान्यात कच्चा माल आहे तिचीच वाफ पंपाला लावायची होती. ग्लायकॉल १९७ अंशांना उकळतं. ते एका वेगळ्या बॉयलरमध्ये गरम तेलानं उकळायचं, वाफ तोट्यांना द्यायची, कंडेन्सरमध्ये फवारा पाण्याचा नाही तर थंड ग्लायकॉलचा. ओढणारं ग्लायकॉल, ओढलेलं ग्लायकॉल, विझवणारंही ग्लायकॉल. उंच नळातून सगळं खालच्या टाकीत येतं, थोडंफार शुद्ध होतं आणि पुन्हा कामाला लागतं. पांढरी भुकटी त्यात पाण्यापेक्षा बरी विरघळते. वाफ उलटी फिरलीच तर भांड्यात जाईल तो कच्चा मालच. आणि इजेक्टरचं म्हणून जे घाण पाणी निघत होतं ते निघेनासं होतं.

मला यात रिलिया दिसतो. प्रक्रियेतून निघणारी वाफ ही कचरा नसून कामगार आहे, हे त्याचं म्हणणं जिफार्डच्या तोटीत येऊन बसलं. दोघांची भेट झाल्याचं मी कुठं वाचलेलं नाही, पण दोघंही एकाच शतकात पॅरिसमध्ये वावरले.

सगळंच गोड आहे असं नाही. पाण्याची वाफ कारखान्यात सगळीकडं नळातून फिरत असते, चावी फिरवली की हजर. ग्लायकॉलच्या वाफेसाठी वेगळा बॉयलर हवा आणि त्याची वेगळी देखभालही. ही वाफ पेट घेऊ शकते. फार तापवलं तर ग्लायकॉल स्वतःच बिघडू लागतं. आणि ते विषारी आहे. चवीला गोड असल्यामुळं जास्तच धोक्याचं. म्हणून जोड सैल राहून चालत नाही. अ‍ॅसिटाल्डिहाइड तर या व्यवस्थेतही निघतंच, त्याचा बंदोबस्त निराळा करावा लागतो. शिवाय जिथं प्रक्रियेतली वाफ गंजकी किंवा तापमानाला न टिकणारी आहे तिथं ही युक्ती चालतच नाही. खाद्यतेलाच्या कारखान्यात तेलाच्या वाफेवर इजेक्टर चालवता येणार नाही, तिथं पाण्याचीच वाफ लागते. तिथं लोकांनी वेगळी वाट काढली आहे. ओढलेली वाफ आणि चरबी बर्फाइतक्या थंड नळ्यांवर गोठवायची आणि मग खरवडल्यासारखी वितळवून काढायची.

कोर्टिंग बंधूंच्या नावाची हॅनोव्हरची कंपनी आजही झोतपंपच बनवते आणि तिच्या मालाच्या यादीत वाफेवर, पाण्यावर आणि ग्लायकॉलसारख्या इतर वाफांवर चालणारे पंप शेजारी शेजारी असतात. तिन्हींची आतली नळी पाहिली तर सारखीच वाटते. फरक असतो तो तोटीच्या भोकात आणि कमरेच्या मापात, मिलिमीटरच्या हिशेबानं. कारण पाण्याचा रेणू हलका आणि ग्लायकॉलचा त्याच्या तिपटीहून जड, आणि जड रेणूचा झोत कमी वेगातही जास्त ओझं ओढतो. एका वाफेसाठी कोरलेली तोटी दुसरीला चालत नाही. म्हणून जुन्या कारखान्यात पाण्याच्या वाफेऐवजी ग्लायकॉल आणायचं ठरलं की नुसत्या चाव्या फिरवून भागत नाही, माडीवरच्या सगळ्या नळ्या उतरवून नव्या बसवाव्या लागतात. हे काम वार्षिक बंदच्या दिवसांतच करता येतं.